अर्धा सेकंद आधी

बाईंनी बटण दाबलं, पण काठावर वाकून उभ्या असलेल्या सहा मुलींपैकी एकीनेही पाण्यात उडी मारली नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी छातीवर लटकणाऱ्या यंत्रातून खणखणीत आवाज आला, "जा!" तिघी उडाल्या, दोघी दचकून त्यांच्या मागे गेल्या आणि सहावी, बाईंची स्वतःची लेक, हसू दाबत काठावरच बसली.

"पाहिलंत?" मिलीताई शेजारी उभ्या असलेल्या बॅटरीकाकांना म्हणाली. "पहिला 'जा' अख्खाच्या अख्खा गिळला."

ते दोघं यंत्र बनवणाऱ्या कंपनीतून आले होते. यंत्रातल्या कोणत्या भागाने कधी झोपायचं आणि कधी उठायचं, हे ठरवणारी प्रणाली मिलीताई लिहायची. दिवसभर मिलिसेकंद मोजत बसते म्हणून ऑफिसने तिचं हे नाव पाडलं होतं. काकांकडे बॅटरीचं काम होतं. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तरी चैन न पडणारा माणूस. यंत्रातला एखादा भाग उगाच जागा राहिला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

आणि बाई पोहण्याच्या प्रशिक्षक. आठ महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन होऊन त्यांचा आवाज कायमचा गेला. त्याआधी म्हणे तो तलावाबाहेर गाड्या लावतात तिथपर्यंत ऐकू यायचा. आता नेहमीचे शब्द एकेका बटणावर भरून ठेवलेले. बाकीचं टाइप करायचं, यंत्र बोलून दाखवायचं.

बाईंनी भराभर काहीतरी टाइप केलं.

"झोपूच देऊ नका," यंत्र म्हणालं.

"कोणाला?" काका गोंधळले.

"चिपला," मिलीताई म्हणाली. "पहिला शब्द गेला ना पुन्हा!"

दोष एवढाच होता. बॅटरी वाचवायची म्हणून आवाजाची चिप दोन सेकंद शांततेत गेली की झोपी जायची. तिला उठायला सहाशे मिलिसेकंद लागत, अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त. शब्द मात्र तिच्यासाठी थांबत नसत. 'कोपर वर ठेव' मधलं नुसतं 'वर ठेव' ऐकू यायचं. एका शब्दाची आज्ञा असली की काहीच नाही. आणि तलावावर बाईंचं सगळं काम एका शब्दाचं.

"नाही झोपू दिलं तर दुपारी एकला यंत्रच झोपेल," काका म्हणाले. "तुमचा सराव सुरू होतो पाचला."

"मग शब्दच अडवून धरू," मिलीताई म्हणाली. "चिप उठली की सोडू."

बाईंनी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा टाइप केलं. या वेळी पहिला शब्द त्यांनी शहाणपणाने दोनदा लिहिला होता.

"तेवढ्यात पोरगी भिंतीला पोचते. मग काय भिंतीला शिकवू?"

हसायला सगळेच हसले, पण वेळ थोडा होता. शनिवारपर्यंत सराव सुरळीत झाला नाही तर दुसरा प्रशिक्षक नेमायचं तलावाच्या समितीने ठरवलं होतं.

पुढचे दोन दिवस मिलीताई क्लोरीनच्या वासात, ओल्या बाकावर बसून राहिली. हातात स्टॉपवॉच, डोळे बाईंच्या अंगठ्यावर. चिपला वेळेत उठवायचं तर अंगठा बटणावर पडण्याआधी काहीतरी खूण मिळायला हवी होती, निदान अर्धा-पाऊण सेकंद आधी. पण अंगठा कसला, विंचवाची नांगी होती ती. कधी पडेल नेम नाही.

गुरुवारी मान अवघडली म्हणून तिने नजर जरा वर उचलली, आणि तशीच बघत राहिली. बाईंचे खांदे वर गेले. छाती भरली. हात यंत्राकडे आला. मग अंगठा. पुढच्या वेळीही तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही.

ती उठून धावत सुटली, ओल्या फरशीवर घसरली, खांबाला धरून सावरली आणि थेट काकांच्या पुढ्यात जाऊन थांबली.

"काका, बाई ओरडायच्या आधी श्वास घेतात!"

"सगळेच घेतात."

"अहो, पण त्यांनी कशाला घ्यायचा? बटण दाबायला श्वास लागतो का? पंचवीस वर्षांची सवय आहे. आवाज गेलाय हे त्यांच्या छातीला अजून माहीतच नाही!"

काकांनी चष्मा काढला. यंत्रात हालचाल ओळखणारा एक इवलासा सेन्सर होता. खाणंपिणं मुंगीएवढं, तो कायम जागा असायचा आणि काकांनीही कधी तक्रार केली नव्हती.

"छाती अशी भरली आणि हात यंत्राकडे आला, की चिपला उठवायचं," मिलीताई म्हणाली. "तिथून अंगठ्यापर्यंत किती वेळ जातो माहितेय? नऊशे! आपल्याला हवेत सहाशे. तीनशे शिल्लक, काका!"

"उद्या किती वाजता?" काकांनी एवढंच विचारलं, पण चष्मा उलटा घातला.

शुक्रवारी पाच वाजता समितीचे अध्यक्ष दाराशी हाताची घडी घालून उभे होते. सहा मुली वाकल्या. बाईंचे खांदे वर गेले.

"जा!"

सहाच्या सहा एकदम पाण्यात. एकच धप्प आवाज.

"पाय! पाय! खेच!" बाई काठाने चालत निघाल्या, मग जवळजवळ पळायलाच लागल्या. "डोकं खाली! आता वळ!" लेक वळली, भिंतीला लाथ मारून बाणासारखी सुटली. अध्यक्षांची घडी केव्हाच सुटली होती. मिलीताई बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि सराव संपल्यावर काकांनी कोणी विचारलेलं नसताना जाहीर केलं, "एक्केचाळीस टक्के बाकी!"

लेक केस पुसत मिलीताईपाशी आली.

"इथे बघा कशी सुटलीये आई. घरी यंत्र गळ्यात असतं, पण एक शब्द नाही. आधी आम्ही सारख्या भांडायचो. आता मी जेवते आणि खोलीत निघून जाते."

"हो का?" मिलीताई म्हणाली. तिचं अर्धं लक्ष अजून त्या एक्केचाळीस टक्क्यांत होतं.

सोमवारी काका यंत्राची नोंद घेऊन आले. चाचणीपुरती ती ऑफिसात पाहायला बाईंची परवानगी होती. तिच्यात शब्द नसत, फक्त चिप केव्हा उठली आणि केव्हा बोलली एवढंच.

"हे बघ. संध्याकाळी सात ते नऊ, तीनही दिवस. काल चाळीस वेळा उठली आणि एकदाही बोलली नाही. नुसती नासाडी. तीनदा फुकट उठली की सकाळपर्यंत उठवायचंच नाही, असं करून टाक. सेन्सर फसतोय."

मिलीताईने ओळींवरून बोट फिरवलं. सात बावन्न: श्वास, हात, चिप जागी. दोन सेकंद. झोपली. सात त्रेपन्न: श्वास, हात, चिप जागी. एकाच मिनिटात सहा वेळा. मग साडेआठनंतर ओळी विरळ होत गेलेल्या.

"सेन्सर बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "श्वास खरा, हातही खरा. फक्त अंगठा पडत नाही. राहू दे. तेवढी बॅटरी जाऊ दे."

"जाऊ दे म्हणजे?"

तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. काकांनी तो पुन्हा वाचला, सावकाश.

त्या संध्याकाळी दोघंही तलावावर गेले. बाई आत दोऱ्या गुंडाळत होत्या. लेक बाहेर पायरीवर बुटाची नाडी बांधत होती.

"तुला एक सांगायचं राहिलं," मिलीताई तिच्याजवळ बसत म्हणाली. "यंत्रात एक दोष उरलाय."

"आता? इतकं छान चाललंय की!"

"इथे चालतं. संध्याकाळी घरी मात्र त्याला जागं व्हायला वेळ लागतो. जेवण झालं की लगेच उठून जाऊ नकोस. आईच्या समोर बसून राहा जरा."

"किती? अर्धा सेकंद?"

"नाही," मिलीताई म्हणाली. "पाच मिनिटं तरी."

काकांनी खाकरून घसा साफ केला.

"दहा धरून चाल," ते म्हणाले.