पेन्सिलीची फिकी रेघ

मोजमापवाल्या बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साहेबसुद्धा त्यापुढे बोलत नसत. म्हणूनच परवा भट्टीवाल्या काकांनी वाढवलेल्या स्फटिकाच्या चकतीतून वीज नीट वाहीना, तेव्हा बाईंनी ‘माल अशुद्ध’ असा शेरा मारला आणि हात झटकले. साहेबांनी लगेच काकांना भट्टीवरून काढलं. बावीस वर्षं स्फटिक वाढवणारा माणूस उद्यापासून भांडारात खोकी लावणार होता.

आज बाईंनी तीच चकती आम्लात बुडवली. हे खरं तर मोजण्याआधीच करायचं. पण परवा घाई नडली. बघता बघता चकतीवर एक शीव उमटली. म्हणजे चकतीत एक नव्हे, दोन स्फटिक एकमेकांना खेटून वाढले होते, आणि परवा बाईंच्या वीज मोजायच्या सुया नेमक्या शिवेच्या अल्याड-पल्याड टेकल्या होत्या. अशा शिवेवर अणूंची रांग विस्कटते आणि वीज वाहून नेणारे कण तिथेच अडकून पडतात. बाईंनी एकेका बाजूवर वेगळं मोजलं. आकडे उत्तम आले.

मग बाईंना आठवलं. चकती आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीची फिकी रेघ होती. चकती उजेडात तिरकी धरली की काकांना शीव दिसायची, आणि ते ती आखूनच पाठवायचे. स्वच्छतेचं खूळ डोक्यात असलेल्या बाईंनी परवा घाईत मळ समजून ती स्पिरिटने पुसली होती. डोळे काय गहाण ठेवले होते?

बाई गेल्या तेव्हा काका भट्टीपाशी आपला डबा, चष्मा पिशवीत भरत होते.

“बरं झालं, तुम्हीच मोजलंत,” ते म्हणाले. “दुसरं कुणी असतं तर मी भांडलो असतो.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“भांडा, काका. तुमची रेघ मी पुसली. शिवेवरच मोजलं. चूक सगळी माझी.”

काकांनी पिशवी खाली ठेवली. “म्हणजे माल चांगला होता?”

“दोन्ही बाजूंनी.”

ते स्टुलावर बसले. “मी काल घरी सांगितलं, आता माझा हात कामाचा राहिला नाही म्हणून. ही रात्रभर जागी होती.”

बाईंना डोळे वर करवेनात. “चला, साहेबांना तुमच्यासमोरच सांगते.”

“तुम्ही व्हा पुढे,” काका खिशातला फोन चाचपत म्हणाले. “मला आधी हिला सांगू दे.”