बोट काढायचं न्हाई

शाळेतल्या बाईंनी आसारामला मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्याच्या नऊ वर्षांच्या नातीचं, स्वप्नालीचं गाऱ्हाणं सांगितलं. तिनं वर्गातल्या हरिओमला ओट्यावरून ढकललं होतं. पोराचा गुडघा फुटला.

"रोज मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळते म्हणे. मुलं जे बघतात तेच करतात, आबा. फोन काढून घ्या."

आसारामनं मान डोलावली. तरुणपणी उमापूरच्या बाजारात त्यानं स्वतः दोघांची डोकी फोडली होती आणि तेव्हा गावात मोबाइल सोडा, धड वीजही नव्हती. पण ते सोयीस्कर विसरून म्हातारा घरी निघाला. मुलगा रामेश्वर आणि सून मनिषा दसऱ्यानंतर कर्नाटकात ऊस तोडायला गेले, ते पोर त्याच्या हवाली करून. ते परत येईपर्यंत पोरगी गुंड निघाली तर त्यांना काय तोंड दाखवायचं?

दिवेलागणीला स्वप्नाली उंबऱ्यात फोन घेऊन बसली. आसाराम मागं येऊन उभा राहिला. पडद्यावर धडाधड गोळ्या सुटत होत्या आणि कार्टी ओरडत होती, "झाडामागं हाय! मार, मार त्याला!"

आसारामनं फोन हिसकावला.

"आबा, द्या की! आई पडली!"

"काय?"

"आई पडली ना! तिला उचलायचंय!"

त्याला काही उमजेना. तेवढ्यात फोनमधूनच आवाज आला, दमलेला आणि तरीही हसरा. "स्वप्ने, कुठं गेली गं? मला गोळी लागली. ये की, उचल मला."

मनिषा! तिकडं उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीपुढं, कोपीपुढं बसून आपली सून बंदूक चालवतेय?

तोवर खेळातली मनिषा मरून गेली. मग स्वप्नालीनंच आजोबाला सगळं समजावलं. गोळी लागून जोडीदार पडला की दुसऱ्यानं जाऊन त्याला उचलायचं असतं. आई रोज सांजेला तिकडून तिच्यासोबत अर्धा तास खेळते आणि खेळता खेळता बोलताही येतं.

"नुसतं फोनवर बोललं की आई रडती, आबा. खेळताना रडत न्हाई. दिवसभर ती मोळ्या उचलती, मग मी तिला उचलती."

आसाराम खाली बसला. त्यानं विचारलं, "मग त्या हरिओमला काहून ढकललं?"

"तो म्हनला, तुझी आई आता परत येत नसती."

पोरगी खेळानं बिघडली की नाही हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण तिला जवळ ओढून तो म्हणाला, "तरीबी ढकलायचं न्हाई. त्याला लागलं ना? उद्या माफी मागायची. मी येतो संगं."

त्यानं फोन परत दिला आणि नवा डाव सुरू झाला. मनिषाला खेळ म्हणावा तसा येत नव्हता. घटकाभरात ती पुन्हा पडली. स्वप्नालीनं फोन आजोबाच्या हातात दिला.

"ह्या बटणावर बोट ठेवा. आई उठंपर्यंत काढायचं न्हाई."

आसारामचा जाड अंगठा काचेवर टेकला. चारी बाजूंनी गोळ्या येत होत्या.

"स्वप्ने, आज लई टाइम लावती गं?" मनिषा म्हणाली.

"मी न्हाई आई. आबा हायेत."

पलीकडून डोक्यावरचा पदर सावरत बोलावं तसा आवाज आला. "मामा, ऱ्हाऊ द्या मला. तुमी पळा, मारतील ते तुमाला."

"मारू दे," आसाराम म्हणाला. त्यानं बोट काढलं नाही.