खिडकीखालची गाडी

धाकट्या जावेनं गाडी घेतली, तेव्हा ती बघायला सगळ्यांच्या आधी थोरलीच खाली उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारली, "रंग छान आहे हो," म्हणाली आणि वर येऊन शिलाई मशीनवर बसली. त्या दिवशी तिच्या हातून एका कोटाची बाही उलटी लागली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिच्या पोटात दुखत होतं, पण ते गाडीमुळे नाही. गाडीचं तिला काय कौतुक! तिचं जग पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीपाशी होतं. मशीन, कात्री, इस्त्री आणि खाली दिसणारी गल्ली. नवरा सकाळी छापखान्यात जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. दुपार तिची एकटीची असायची. एकटीची म्हणजे, तिची आणि आबांची.

आबा तिचे सासरे. जन्मभर बस चालवलेला माणूस. सासूबाई गेल्या त्यानंतर कधीतरी ते जेवण झाल्यावर मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसायला लागले आणि मग बसतच राहिले. रिळं लावून द्यायचे, चुकलेली शिवण उसवून द्यायचे, पडद्याचं लांबलचक कापड आलं की दुसरं टोक धरायचे. तोंड मात्र अखंड चालू. कुठला उतारू बकरी घेऊन चढला, कोण बाई छत्री विसरली म्हणून बसच्या पुढे आडवी झाली. "मालकीण," ते तिला म्हणायचे, "एवढं राबवून घेतेस, चहा तरी वेळेवर देत जा." थोरलीला तिचे वडील आठवतही नव्हते. तिला 'मालकीण' म्हणणारं जगात एवढंच एक माणूस होतं.

गाडी आली आणि स्टूल रिकामं पडलं.

धाकटी दातांची डॉक्टर. खालच्या मजल्यावर राहायची, दवाखाना कोपऱ्यावरच होता, त्यामुळे गाडी दिवसभर गल्लीतच उभी असायची, नेमकी थोरलीच्या खिडकीखाली. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की धाकटी आबांना शेजारी बसवून गाडीवर हात बसवायला निघायची. आबा परत यायचे ते फुललेल्या चेहऱ्यानं. "काय वळण घेतलं आज पोरीनं! मी तिला ड्रायव्हरीणच म्हणतो आता."

म्हणजे तिलाही नाव मिळालं. थोरलीनं भांडं जरा जास्तच जोरात आपटलं.

त्यातच गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. चोर गाडी नेत नव्हते, गाडीचं सामान नेत होते. वाण्याच्या गाडीचे आरसे गेले. शिक्षकांच्या गाडीची चाकं गेली, गाडी विटांवर उभी. मग सायलेन्सरवर धाड आली. त्याच्या आतल्या जाळीत म्हणे महागडा धातू असतो, भंगारवाला मागेल ती किंमत देतो. झालं, आबांना जन्माचं काम मिळालं. जेवण झालं की खुर्ची घेऊन खाली. डोळ्यांत तेल घालून राखण. मधूनमधून उठून आरसे पुसायचे, चाकांना कुलपी नट लावलेत ते हातानं चाचपायचे, खाली वाकून सायलेन्सर जागेवर आहे ना ते पाहायचे. धाकटीनं आरशांवर आणि काचांवर गाडीचा नंबर कोरून घेतला, तेव्हाही आबा कोरणाऱ्याच्या डोक्यावर उभे.

थोरली वरून बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "आबा, त्या गाडीला पाय फुटणार आहेत का? जरा वर या की. पडद्यांचं कापड आलंय."

"येतो गं," आबा म्हणाले. आले नाहीत. कापडाचं दुसरं टोक तिनं पलंगाच्या पायाला बांधलं.

मग ती दुपार आली. आबांना डोळे तपासायला जायचं होतं. धाकटीचा नवरा त्यांना रिक्षानं घेऊन जाणार होता. निघताना आबा गल्लीतून मान वर करून म्हणाले, "मालकीण, जरा लक्ष ठेव गं हिच्याकडे."

कितीतरी दिवसांनी 'मालकीण' कानावर आलं, आणि तेही गाडीसाठी.

आबा गेल्यावर थोड्याच वेळात दोन माणसं आली. अंगात निळे डगले, हातात जॅक आणि अवजारांची पिशवी. दुरुस्तीला बोलावलेले मेकॅनिक वाटावेत इतक्या सहजपणे त्यांनी गाडी एका बाजूनं उचलली. क्षणभर थोरलीलाही तसंच वाटलं. पण त्यातल्या एकानं मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. मेकॅनिक असं बघत नाही. ती ओरडते का, हे तो जोखत होता.

तिला ओरडायचं होतं. घशापर्यंत हाक आली होती. आणि त्याच वेळी आतून कुणीतरी म्हणालं, जाऊ दे. बघू दे तिलाही एकदा. असं काही गेलं की कसं वाटतं ते कळू दे.

थोरलीनं मान खाली घातली आणि मशीन जोरात चालवली. चादरीची कड सरळ जात होती, याचंच तिला नंतर नवल वाटलं. खाली करवतीचा आवाज झाला, मग काहीतरी खणखणलं. तिनं चादर संपवली आणि दुसरी घेतली.

संध्याकाळी धाकटीनं गाडी सुरू केली मात्र, सगळी गल्ली बाहेर आली, एवढा मोठा आवाज. सायलेन्सर मुळापासून कापून नेला होता. जाताजाता आरसेही उचकटले होते, नंबरासकट.

"मशीनच्या आवाजात काही कळलंच नाही," थोरली म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं इतकं सहज पचतं हे तिला माहीत नव्हतं.

धाकटीचे डोळे भरले होते, तरी ती म्हणाली, "बरं झालं वहिनी, तुम्हाला कळलं नाही ते. खाली धावला असतात आणि त्यांनी काही केलं असतं म्हणजे? त्यांच्या हातात काय काय असतं." आणि आत जाऊन तिनं थोरलीसाठीच चहा करून आणला, घाबरल्या असतील म्हणून.

आबा तर पायरीवर मटकन बसले. "मी नसतो गेलो तर! डोळे काय उद्या तपासले असते," एवढंच पुन्हा पुन्हा.

थोरलीला वाटलं होतं, गाडी बिघडली की आबांचा जीव तिच्यातून निघेल. झालं उलटंच. नवा सायलेन्सर बसला आणि आबा खुर्ची सोडून थेट गाडीतच राहायला लागले. ऊन लागतं म्हणून काचांना आतून कापड लावलं. जेवणाचा डबा खाली, पाण्याची बाटली खाली. "एकदा चुकलो, आता नाही," म्हणायचे. खांदे उतरले, जेवण अर्ध्यावर आलं. थोरली डबा घेऊन जायची तेव्हा ते दार उघडून घ्यायचे आणि पुन्हा लावून घ्यायचे. बंद दारापाशी उभी राहून ती मनात म्हणायची, आगीतून उठून फुफाट्यात पडलीस बाई, स्वतःच्या पायांनी. आणि तरीही, त्या चकचकीत पत्र्याकडे पाहिलं की जळफळाट होतच होता. तिला स्वतःचीच लाज वाटे, पण लाजेनं हेवा विझत नाही.

ते दोघं पुन्हा आले. नवा सायलेन्सर बसला हे अशा लोकांना बरोबर कळतं. दुपार होती, मशीन चालू होती. थोरलीनं सहज खाली पाहिलं तर तेच निळे डगले, तोच जॅक. काचा कापडानं झाकलेल्या, गाडीत कुणी आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. आबा मागच्या सीटवर आडवे होऊन झोपले होते, हे गल्लीत फक्त तिला माहीत होतं. जेवणाचा रिकामा डबा तिनंच नुकता वर आणला होता.

गाडी एका बाजूनं उचलली गेली. एक जण पाठीवर सरकत खाली शिरला.

"आबा!" अशी किंकाळी तिच्या तोंडून निघाली की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. हातातली कात्री तशीच घेऊन, अनवाणी, ती जिना उतरली. तोवर आबा दचकून जागे झाले होते. गाडी तिरकी का, हे न कळून त्यांनी दार ढकललं, आणि त्यांच्या धडपडीनं गाडी हलली. खाली शिरलेला चोर कसाबसा बाहेर सरपटला, जॅक कलंडला, गाडी धाडकन खाली बसली आणि आबा उघड्या दारातून रस्त्यावर फेकले गेले.

कात्री घेतलेली ती बाई बघून चोरांच्या तोंडचं पाणी पळालं. जॅक तिथेच टाकून दोघं पसार झाले. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती रस्त्यातच बसली आणि आबांचं डोकं मांडीवर घेतलं.

मनगट मोडलं होतं. इस्पितळात प्लास्टर ओलं असताना आबांनी विचारलं, "मशीन चालू होती?"

"हो."

"मग ऐकू कसं आलं?"

"ऐकू नाही आलं. दिसलं."

आबांनी मोडका हात मांडीवर ठेवला. "म्हणजे खिडकीतून दिसतं," ते म्हणाले. "त्या दिवशीही दिसलं असेल."

तिनं मान खाली घातली. तेवढं पुरे होतं.

"मी रोज स्वतःला शिव्या देत होतो गं," आबा म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "का केलंस?"

"तुम्ही वर यायचं सोडलंत."

आबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "ड्रायव्हरिणीला मी सांगणार नाही. ते तुझं तू सांग."

थोरलीनं त्याच संध्याकाळी सांगितलं. खालच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. धाकटीनं ऐकून घेतलं. थोरलीला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर ओरडेल. धाकटीनं नळ बंद केला आणि म्हणाली, "सायलेन्सर गेला, नवा आला. पण वहिनी, मी त्या दिवशी तुम्हाला चहा करून दिला होता." आणि आतल्या खोलीत निघून गेली.

त्यानंतर तिनं बोलणं सोडलं. जिन्यात समोर आली की भिंतीला सरकून वाट द्यायची. थोरलीनं ते मुकाट्यानं सोसलं. तक्रार करायला तोंडच नव्हतं. आबा हात गळ्यात बांधून दोघींच्या मधून ये-जा करायचे आणि कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत.

शेवटी गाडीच्या खालून लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा ठोकायचं ठरलं, म्हणजे सायलेन्सरपर्यंत करवत पोचायलाच नको. कारागीर गल्लीतच येऊन कामाला लागला. आबा एका हातानं सूचना देत होते, धाकटी दवाखान्यातून येऊन बाजूला उभी होती. थोरली वरून बघत होती. उतरावं की नाही, तिचं ठरत नव्हतं.

"मालकीण!" खालून हाक आली. "नुसती बघतेस काय? ह्याला उजेड पुरत नाहीये. माझा एक हात कामातून गेलाय, ये, बॅटरी धर."

ती उतरली. रस्त्यावर पालथी पडून तिनं गाडीखाली बॅटरी धरली. तेलाचा वास आला, लुगड्याला काळं लागलं. कारागिरानं पहिला नट आवळला. दुसरा फिरवताना त्याचा पाना निसटला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला घरंगळला. धाकटी वाकली, पाना उचलला आणि गाडीखालून पुढे केला. थोरलीच्या हातात, कारण तोच हात जवळ होता. थोरलीनं पाना घेऊन कारागिराला दिला.

"बघ, ड्रायव्हरिणीची नजर!" आबा वर उभे राहून कौतुकानं म्हणाले. "कुठं काय पडलं, लगेच दिसतं तिला."

थोरलीच्या छातीत तीच जुनी कळ उठली. तिनं बॅटरी जरा घट्ट धरली आणि म्हणाली, "आबा, मधून सरका. उजेडात तुमची सावली येतेय."