न वाजलेला चौथा कागद

मी एक कागद बोलतोय. पाच आडव्या रेघांवर सूर मांडलेला, चौथ्या नंबरचा. जरा हळू बोलतो. वय झालं, आवाज तर माझा चारचौघांत कुणी कधी ऐकलाच नव्हता.

ती जॅझची तबकडी तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. मध्ये एक सॅक्सोफोनवाला मनाला येईल तसा भटकतो आणि मागे तीसेक जण व्हायोलिनं, व्हायोला, चेलो घेऊन लिहिलेलं मुकाट वाजवतात. त्यानं हवं तिथं उंडारावं, यांनी एक सूर इकडचा तिकडं करू नये. लिहिलेलं म्हणजे आम्ही कागद. तबकडीतल्या ज्या जागेचं सगळे कौतुक करतात ना, तिथं खरं तर मी वाजायचा होतो. कुणी काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्या अरेंजरनं मला तीनदा खोडून चौथ्यांदा फक्कड जमवला होता. निदान मला तसं वाटायचं.

व्हायोलाच्या दुसऱ्या रांगेत बाप-लेक बसत. दोघांत एक स्टँड, त्यावर आमची चळत. वाजवून झालेला कागद बाजूला सारायचं काम बाबांचं. तेवढा वेळ लेक वाजवत राहायची. बाबांची नजर उतरणीला लागली होती. लेकीला ते ठाऊक होतं, पण तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. अरेंजर पक्का खडूस. डोळे गेलेला वादक तो कशाला ठेवतोय? आणि व्हायोला सुटला तर बाबांनी दिवसभर करायचं काय?

रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन टेक वाया गेले होते, तिसरा रंगात आला होता. तिसरा कागद संपला. बाबांनी बोटाला थुंकी लावली आणि एकाऐवजी दोन कागद सारले. मी उपडा पडलो! समोर आला पाचवा. दोन सूर गेल्यावर लेकीच्या लक्षात आलं, पण थांबायची सोय नव्हती. बाबाही तिच्या जोडीनं तेच वाजवू लागले. सगळे एकीकडे आणि हे दोघं भलतीकडे.

सॅक्सोफोनवाल्यानं कान टवकारले. आपली वाट सोडून तो या दोघांच्या मागं गेला आणि असा काही वाजला, की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला. मी उपडा पडून ऐकत होतो. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

टेक संपला तसा अरेंजर ओरडला, "व्हायोलात कोण कडमडलं?"

बाबा उठायला लागले. लेकीनं त्यांचा गुडघा दाबला. "मी. घाईत दोन कागद सारले मी."

"उद्यापासून येऊ नकोस."

"तिला काढताय? मग मलाही काढा," सॅक्सोफोनवाला म्हणाला. "आणि हा टेक पुसलात तर बघा."

टेक राहिला, लेकही राहिली. तबकडी गाजली. जो तो लेकीला तिच्या 'धाडसी चुकी'बद्दल विचारायचा आणि ती तेच खोटं सांगून सांगून विटून गेली. बाबा दोन वर्षांत आपणहून घरी बसले. त्या दिवसाचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. लेकीला तेवढंच सलत राहिलं. "एकदा तरी म्हणायचं होतं, पोरी, माझ्यासाठी केलंस," असं ती मला फायलीत कोंबताना पुटपुटली. पुढची तीस वर्षं मी विजेच्या बिलांखाली गुदमरत काढली.

परवा तबकडी पुन्हा काढायची म्हणून कंपनीनं जुने कागद मागितले. लेकीनं मला स्टँडवर लावलं. केस पांढरे झालेत तिचे. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

"बाबा, तो राहून गेलेला कागद सापडला. वाजवून बघते पुन्हा."

चार सूर वाजवले आणि तिची बोटं आखडली. ती थांबली, तर बाबा गुणगुणत पुढं निघाले. न अडखळता, थेट माझ्या शेवटच्या सुरापर्यंत. मला कुणीतरी गायलं हो, पहिल्यांदा!

लेक बघतच राहिली. "तुम्हाला हे पाठ होतं?"

"सगळेच कागद पाठ होते. तू घरी वाजवायचीस ते ऐकून केले. दिसत कुठं होतं मला तेव्हा?"

"मग त्या दिवशी बरोबर का नाही वाजवलंत?"

"तू भलतीकडे निघालीस तेव्हा कळलं, आपल्या हातून दोन सरकले. म्हटलं, आता आपण बरोबर वाजवलं तर पोरगी एकटीच चुकायची."

लेकीनं व्हायोला मांडीवर ठेवला आणि ती ढसाढसा रडली. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

आता मला पालथा घालून ती माझ्या कोऱ्या बाजूवर कंपनीला चिठ्ठी लिहितेय. नव्या पाकिटावर त्या जागेपुढं दोन नावं छापा, आधी बाबांचं. कंपनीवाल्यांनो, तेवढं ऐका तिचं. माझं नाव नको. मी काय, त्या दिवशीही उपडाच होतो.