एक जूनची पोरगी

आमच्या शाळेच्या रजिस्टरात निम्मा गाव एक जूनला जन्मलेला आहे. आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर पोराच्या उंचीवरून वर्ष ठरवायचे आणि पुढं एक जून ठोकून द्यायचे. मीही त्यातलीच. मी लुंबिनी, चाकूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासते.

मल्लेशच्या वडिलांचं, बसलिंगप्पांचं, बाजारात भांड्यांचं दुकान आहे. मल्लेश आणि मी तीन वर्षं बसस्टँडवर पैजा लावल्या, लातूरची गाडी आज किती मिनिटं उशिरा येणार यावर. हरेल त्यानं भजी चारायची. एवढ्या करमणुकीवर आमचं जमलं.

घरी कळल्यावर बसलिंगप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, जातीचं आम्हाला काही नाही, बसवण्णांनी ती कधीच मोडली. फक्त पत्रिका जुळली पाहिजे, नशिबापुढं कोणाचं चालतं? मी सरळ लिहिते. जात तोंडानं सोडली की ती ठेवायला ज्योतिषाची पिशवी लागते.

आमच्या घरात पत्रिका कुठली? आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी गंडे-दोरे नदीत सोडले. मग मल्लेशनं ज्योतिषाला माझी शाळेतली तारीख दिली. गुण जुळले साडेनऊ. ज्योतिषानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, अकरा ऑगस्ट म्हणा, अठ्ठावीस जुळतात, सगळ्यांची अब्रू राहते.

मल्लेश हे घेऊन नाचतच आला.

"बोलून टाक ना लुंबिनी. एकदाच तर बोलायचंय."

मला तो आवडत होता, म्हणून राग जास्त आला. "तुझ्या घरात खोटी पोरगी म्हणून येणार न्हाई," म्हटलं.

खोटं बोलले तर मल्लेश मिळत होता, न बोलले तर जात होता. तीन दिवस रडले. ते लपवायचं कशाला?

चौथ्या दिवशी माझ्या आईनं, नागुबाईनं, धुतलेलं लुगडं नेसलं आणि मला घेऊन थेट दुकान गाठलं. गिऱ्हाईक होतं. आई थांबली नाही.

"अप्पा, माझी लेक हरभरा काढायच्या दिसात झाली. तारीख मला ठाऊक न्हाई. घड्याळ मुकादमाच्या हातात होतं, माझ्या हातात इळा होता. जे मला ठाऊक न्हाई, ते तिला खोटं सांगायला लावू नका."

बसलिंगप्पा हातातलं पातेलं पुसत राहिले. तारखेशिवाय नशीब कसं बघायचं, असं काहीतरी पुटपुटले. मल्लेश खाली बघून उभा. मला वाटलं, संपलं.

मागं मल्लेशची आई, महानंदा, तांबे रचत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "तुमची तारीख कोणती हो?"

बसलिंगप्पा पातेल्याचा तळ पुसायला लागले.

"एक जून. माझी बी एक जून. त्याच्यावर आपल्या बापांनी बत्तीस गुण जुळवले. पस्तीस वर्षं झाली, मी मास्तरच्या तारखेवर नांदून राहिले."

गिऱ्हाईक हसलं. मल्लेशलाही आवरलं नाही, पण मग तो पुढं आला आणि म्हणाला, "अप्पा, अकरा ऑगस्ट मीच आणली होती. लुंबिनीनं न्हाई म्हटलं. चूक माझी हाय."

बसलिंगप्पांचे कान लाल झाले. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली केली नाही.

"मल्लेश," ते म्हणाले, "खुर्ची आण. विहीणबाई कवाच्या उभ्या हायत."

आई लगेच बसली नाही. मल्लेशनं खुर्ची पुसली, मग बसली. पदर सारखा केला आणि सांगितलं की लग्न विहारात होईल, मंडळी तुम्ही कितीही आणा.

बसलिंगप्पांनी विचारलं, वरात कुठून काढायची.

"भर बाजारातून," आई म्हणाली.