अजितला उशीर झाला

कमलने एप्रनचं बटण शिवून दोरा दातांनी तोडला, एप्रन झटकला आणि खुंटीला लावला. दत्ताराम कॉटवर बसून बघत होता.

"शिक्षेचे कपडे आहेत ते," तो म्हणाला. "लग्नाला नाही चाललाय."

"म्हणून काय बटण तुटलेलं घालून जाऊ दे?" कमल म्हणाली, आणि झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर सारखी करून कॅन्टीनमध्ये रात्रपाळीच्या स्वयंपाकाला निघून गेली.

अजितने शिवाजी पार्कच्या बाजूला उभ्या असलेल्या स्कूटरचे आरसे काढून विकले होते. पकडला गेला. पहिलाच गुन्हा, माल परत दिलेला; कोर्टाने आत न टाकता परळच्या एका हॉस्पिटलात तीन महिने फुकट काम करायला सांगितलं. आठच्या ठोक्याला हजर. पेशंटच्या व्हीलचेअर ढकलायच्या, चादरी न्यायच्या.

दत्तारामला सहा महिने पडले होते. संप फसल्यावर, घरात चूल पेटत नव्हती तेव्हा, गिरणीतून पितळेचे दोन वॉल्व्ह धोतरात गुंडाळून आणले म्हणून. तोही पहिलाच गुन्हा. आर्थर रोड तुरुंगाची भिंत लालबागहून चालत गाठता येते, पण आई एकदाही आली नाही. सुटून आला तेव्हा वडिलांनी त्याची वळकटी गॅलरीत टाकून ठेवली होती. लग्न जमता जमता पस्तिशी उलटली. कमलला सगळं सांगूनच केलं, तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण त्याच्यासाठी बटण शिवणारं तेव्हा कुणी नव्हतं, हे काही मनातून जात नव्हतं.

गेल्या आठवड्यात बीपीच्या गोळ्या घ्यायला तो त्याच हॉस्पिटलात गेला होता. रांगेत उभा असताना अजित दिसला, एका म्हातारीची खुर्ची ढकलत. "अजित, अरे जरा सावकाश," म्हातारी ओरडत होती आणि हसत होती. जिन्यावरून सिस्टरने हाक मारली, "अजित, एक्स-रेला ये रे!" सफाईवाल्याने जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरगा घामेजलेला, आणि चेहरा असा की जणू नोकरीच लागली आहे. दत्ताराम गोळ्या न घेताच घरी आला. दोन दिवस पोराशी बोलला नाही. स्वतःच्या रक्ताच्या पोराचा हेवा करतो आहोत हे त्याला कळत होतं, आणि कळूनही थांबत नव्हतं.

बटण शिवलं त्या रात्री त्याला झोप लागली नाही. उजाडता उजाडता तो उठला. अजितचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला होता. त्याने अलार्म बंद केला आणि चहाचं आधण ठेवलं.

अजित दचकून उठला तेव्हा उन्हं गॅलरीत आली होती. त्याने फोन उचलला, बघितला. मग दत्तारामकडे बघितलं. तोंडावर पाणी मारून, एप्रन काखेत मारून जिना उतरला.

दत्तारामने चहा गाळला. त्याला बरं वाटायला हवं होतं.

साडेनऊला फोन आला. "अजितच्या घरून ना? मी इरावती बोलतेय, प्रोबेशन ऑफिसर. तो आज फार उशिरा आला. पुन्हा असं झालं तर मला कोर्टाला कळवावं लागेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. घरी काही अडचण आहे का?"

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, माझीच चूक. झोप लागली."

दत्तारामने फोन ठेवला. मग शर्ट चढवला आणि चालत परळला गेला.

इरावती मॅडम तळमजल्यावरच्या एका चिंचोळ्या खोलीत बसायच्या. पोरीच्या वयाच्या. दत्ताराम दारातच उभा राहिला.

"मी अजितचा बाप. अलार्म मी बंद केला."

"चुकून?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, का?"

बाहेरच्या पॅसेजमधून कुणीतरी पुन्हा अजितला हाक मारली.

"त्याला इथे सगळे नावाने हाका मारतात," तो म्हणाला. "मीपण काढली होती शिक्षा. आत. माझ्या वेळेला नंबरच होता. सुटल्यावर चाळीत चोर म्हणायचे."

मॅडमनी हजेरीचं रजिस्टर पुढे ओढलं.

"आजचा उशीर आता पुसता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितलंत, ते मी त्या नोंदीपुढे लिहीन. बसा ना, दत्तारामकाका."

तो चपापला. "माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? अजित दत्ताराम घाडी. रोज सकाळी हजेरीला मोठ्याने वाचते मी. तो 'हजर' म्हणतो."

दत्तारामने खुर्ची ओढली. बसला मात्र नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"मोठ्याने?" त्याने विचारलं.