चासीची आंघोळ

किनांती हातोडीने जीपची चासी ठोकत होती आणि प्रत्येक ठोक्यानंतर कान देऊन ऐकत होती. 'ठण्ण' वाजलं की तिचा चेहरा खुलायचा, 'बद्द' वाजलं की पडायचा. चाकं, इंजिन, पत्रा सगळं उतरवल्यावर ती चासी अंगणात चार ओंडक्यांवर आडवी पडली होती, कुणीतरी मासा खाऊन काटा तेवढा ठेवून द्यावा तशी.

बाबांनी साफ सांगितलं होतं, "शुक्रवारी भंगारवाला तुगिमिन टेम्पो घेऊन येणार. तोवर गंज निघाला आणि रंगाचा पहिला हात बसला, तर जीप राहील. नाहीतर भंगारात."

दुसरी एखादी रडली असती. पण किनांती यंदा शाळेच्या मोटार विभागात पहिली आली होती, मुलांच्या नाकावर टिच्चून, आणि तेव्हापासून जगात न उघडणारा नट असतो यावर तिचा विश्वासच राहिला नव्हता. तारेच्या ब्रशने घासघासून तिने बाहेरून चासी चकचकीत केली. स्वतः मात्र नखशिखांत तांबडी झाली. शेजारच्या बू लास्त्री कुंपणावरून म्हणाल्याच, "अगं, गंज काढतेयस की अंगाला लावून घेतेयस?"

खरी गोम आत होती. चासीच्या दोन्ही लांब दांड्या आतून पोकळ. तिथे ना हात जात होता, ना ब्रश.

"हात जात नसेल तर पाणी जाईल," ओसरीवरून एयांग म्हणाले. एयांग म्हणजे तिचे आजोबा. सुरो हा जावा बेटावरचा पवित्र महिना लागला की अख्ख्या इमोगिरी गावातल्या घराघरांतल्या वडिलोपार्जित कट्यारी त्यांच्याकडे धुवायला यायच्या. जुन्या नारळाचं पाणी, लिंबू, रिठा आणि एयांगांची बोटं. तीनशे वर्षांचा गंजसुद्धा निमूट बाहेर यायचा.

किनांतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सर सांगत होते ते आम्ल हेच की! तिने धावत जाऊन आजोबांचे पाय धरले. "एयांग, एवढ्या कट्यारी धुताय, त्यात माझी एक मोठी कट्यार धुवाल?"

घोळ झाला तो इथेच. चासी म्हणाली असती तर त्यांनी चासी धुतली असती. ती कट्यार म्हणाली.

बाजारात खोबरं किसणाऱ्या बायका नारळाचं पाणी गटारात ओततात. किनांतीने ते डब्या-डब्याने आणलं, केळीच्या खुंटाची बुचं मारून दांड्यांमध्ये भरलं आणि तीन दिवस मुरू दिलं. त्या वासाने कोंबड्यांनी अंगण सोडलं.

शुक्रवारी सकाळी बुचं काढायला ती बाहेर आली आणि जागीच थिजली. एयांग पट्ट्यापट्ट्यांचा ठेवणीतला अंगरखा, बाटिकचं वस्त्र, डोक्याला फेटा अशा थाटात उभे. पुढ्यात गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली, उदाचा धूर.

"एयांग, हे काय? ही जीप—"

एयांगांनी ओठांवर बोट ठेवलं. स्नान चालू असताना बोलायचं नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण आजोबा लिंबाची फोड घेऊन एकच रिव्हेट प्रेमाने चोळत बसले, तेव्हा तिच्या जिवाची तगमग झाली. तिने हातवारे केले: आत! मधल्या जोडाशी! एयांगांनी त्याचा अर्थ 'पाकळ्या कमी पडल्या' असा लावला आणि मूठभर आणखी टाकल्या.

तेवढ्यात कुंपणाशी बू लास्त्री उगवल्या. हातात बाटली. त्यांच्यामागे तिघी. त्यांच्यामागे सायकलवरचा पाववाला. सुरोत कुठे काही धुतलं जातंय आणि इमोगिरीची माणसं त्या पवित्र पाण्यासाठी रांग लावणार नाहीत, हे कसं शक्य होतं?

"कुणाची आहे?" पाववाला कुजबुजला.

"विचारायचं नसतं," बू लास्त्री म्हणाल्या. "एवढी लांब आहे म्हणजे कुणा मोठ्याचीच असणार. बाटली धर."

स्नान आटोपल्यावर किनांतीला एकदाचा कंठ फुटला. "बू, तो गंज आहे गंज! पिऊ नका!"

"पितंय कोण? मिरच्यांना घालणार. तू नको शिकवूस, मीपण तुझ्याएवढी होते तेव्हा फार हुशार होते."

पण दांड्या रिकाम्या झाल्यावर किनांतीने हातोडी मारली आणि, अहाहा! ठण्ण! या टोकापासून त्या टोकापर्यंत ठण्ण! आतलं लोखंड नुसतं चांदीसारखं. ती नाचतच प्रायमरचा डबा आणायला पळाली. धुतलेलं उघडं लोखंड या दमट हवेत संध्याकाळपर्यंतसुद्धा दम धरत नाही. लगेच रंग हवा.

ती परत येईपर्यंत एयांगांनी चासीला बाहेरून चंदनाचं तेल चोपडून दांड्यांच्या आतही ओतलं होतं.

"एयांग! तेलावर रंग धरत नाही!"

"धरायचाच नाहीये. सुरोत नवं काही सुरू करायचं नसतं, न्दुक, माझ्या पोरी. लग्न नाही, वास्तू नाही, रंगसुद्धा नाही. आणि कट्यारीला कुणी रंग फासतं का?"

डबा हातात घेऊन ती पुतळ्यासारखी उभी राहिली, आणि नेमक्या त्याच वेळी फाटकात टेम्पो घुरघुरला.

बाबा आले. त्यांनी हातोडी मारून पाहिली, भुवया उंचावल्या, मग तेलकट बोटं न्याहाळली. "काम चोख केलंस, किनांती. पण तेल असलं तरी रंगाशिवाय आठवडाभरात पुन्हा गंजेल. ठरलं ते ठरलं. उचल रे तुगिमिन."

किनांतीने प्रायमरचा डबा खाली ठेवला. तुगिमिनने बाह्या सरसावल्या, चासीचं एक टोक धरलं आणि नाक फेंदारलं. चंदन. उद. पाकळ्या. बाटल्यांची रांग. त्याने हळूच हात काढून घेतले.

"पाक," तो बाबांना अदबीने म्हणाला, "हिला कुणी धुतलं?"

"माझ्या वडिलांनी."

"सुरोत? शुक्रवारी? तेलासकट?"

"हो रे, पण जीपची चासी आहे ती!"

"होती, पाक, होती! मागे मी अशीच एक तेल लावलेली सुरी भंगारात घेतली, तर बायको महिनाभर झोपेत दरबारी जावानी भाषा बोलायची. आपल्या घरात कुणी दरबारी जावानी बोलतं का? मला म्हणायची, 'महाराज, कांदे आणण्याची कृपा व्हावी.' ती एवढीशी सुरी होती. ही केवढी आहे बघा!" त्याने चासीला वाकून नमस्कार केला, बू लास्त्रींकडून अर्धी बाटली पाणी मागून घेतलं आणि टेम्पो उलटा घेतला.

बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता अख्ख्या तालुक्यात हिला कुणी हात लावणार नाही. वा! विकायची सोय राहिली नाही की रंगवायची."

"रोज तेल लावलं की गंज चढत नाही," एयांग म्हणाले. "सुरो संपेपर्यंत मी लावीन."

"आणि सुरो संपल्यावर?"

"साबण, पेट्रोल, पुन्हा साबण, मग रंग!" किनांती एका दमात म्हणाली.

"कट्यारीला रंग नसतो," एयांग.

"पण म्यानाला असतो की, एयांग! तुमच्या स्वतःच्या कट्यारीचं म्यान रंगवलेलं आहे. मग लोखंड ती कट्यार, आणि रंग म्हणजे तिचं म्यान!"

एयांगांनी चासीवरून एकवार हात फिरवला. बाबांनी हसू लपवायला तोंड फिरवलं.

"हिरवं," शेवटी एयांग म्हणाले, "आणि गडद. पोपटी फासलंस तर बघ."